मानस जवळ असूनही

हेमकुंडला मुक्काम करता येत नाही. घांघरियाहून सकाळी निघायचे, सहा किलोमीटरची खडी चढण चढायची, सरोवर पाहायचे, लंगरात खिचडी आणि चहा घ्यायचा आणि दुपार कलायच्या आत उतरायला लागायचे. घांघरिया सुमारे तीन हजार मीटरवर आहे. सरोवर त्याच्याही वर बाराशे मीटरहून अधिक. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीनपंचमांश उरतो. त्यामुळे यात्रेकरूला रात्री वर राहू देत नाहीत. ज्या जागेसाठी लोक पंजाबातून, दिल्लीतून आणि आमच्या नांदेडहूनही दोन-तीन दिवसांचा प्रवास करून येतात, त्या जागी प्रत्यक्षात मिळतात ते दोन-अडीच तास.

सप्टेंबरातल्या एका सकाळी मी तिथे पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि डोके ठणकत होते. सात शिखरांपैकी तीन दिसत होती. काठावर ब्रह्मकमळे सुकायला लागली होती. काही तरुण पाण्यात उतरून, ओरडत, पुन्हा बाहेर येत होते. मग खालच्या दरीतून एक ढग सावकाश वर आला, काठावर टेकला, आणि पाच मिनिटांत सरोवर नाहीसे झाले. सेवादार म्हणाला, "बाबाजी, अब उतरना शुरू करो."

उतरताना मला मेघदूत आठवले, यात नवल काही नाही. विदर्भातल्या संस्कृतच्या मास्तराला डोंगरावर ढग दिसला की दुसरे काय आठवणार? शिवाय हंस ज्या खिंडीतून हिमालय ओलांडतात असे कालिदास सांगतो, ते क्रौंचरंध्र काही अभ्यासक जोशीमठापलीकडच्या निती खिंडीत शोधतात. म्हणजे मी शेजारच्याच खोऱ्यात होतो. नवल हे, की आठवला तो मानस सरोवरातल्या सोनेरी कमळांचा श्लोक नव्हे. आठवला उत्तरमेघातला, यक्षाच्या घरामागच्या वापीचा. तो मी कित्येक वर्षे वर्गात घाईने उरकत आलो होतो. या लेखाचा विषय ती घाई आहे. माझी, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या मराठी मेघदूत-वाचनाचीही.

आधी आपण घाई कशासाठी केली ते पाहू, कारण त्यामागचे काम मोठे होते. रामगिरी कुठला, हा प्रश्न मल्लिनाथापासूनचा आहे. त्याने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले. वा. वि. मिराशींनी 'मेघदूतातील रामगिरि अर्थात् रामटेक' या १९५९ च्या पुस्तकात या मताचा जो समाचार घेतला, तो आजही वाचण्यासारखा आहे. त्यांच्या युक्तिवादाचा कणा साधा आहे. मेघ उत्तरेला निघतो, माळ प्रदेश आणि आम्रकूट ओलांडतो आणि मग त्याला रेवा, म्हणजे नर्मदा, लागते. तेव्हा निघण्याची जागा नर्मदेच्या दक्षिणेला हवी, आणि चित्रकूट उत्तरेला आहे. याला जोड म्हणून त्यांनी वाकाटकांचे ताम्रपट आणले. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, रामटेकपासून हाकेच्या अंतरावर. काव्यातला भूगोल आणि दगड-तांब्यावरचा पुरावा यांची अशी गाठ मारणारे संशोधन मराठीत फार झालेले नाही.

मिराशींचे मत मला मान्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आमच्या पिढीने मेघदूत नकाशासारखे वाचले. मी स्वतः फळ्यावर भारताची आकृती काढून रामटेक, विदिशा, उज्जयिनी, कनखल, कैलास असे ठिपके जोडत असे. मुलांना ते आवडे. अलका आली की ठिपके संपत आणि तासही संपे.

हेमकुंडाची कथा याच्याशी चमत्कारिक रीतीने जुळते. तेही सरोवर वाचनातूनच 'सापडले' आहे. गुरू गोविंदसिंगांचे आत्मकथन मानल्या जाणाऱ्या 'बिचित्र नाटका'त पूर्वजन्मीच्या तपाचे वर्णन येते. त्यात हेमकुंट नावाचा पर्वत आहे, सात शिखरे आहेत आणि पंडू राजाच्या तपाचा उल्लेख आहे. एवढ्या खुणांवर शोध सुरू झाला. भाई वीरसिंगांनी १९२९ साली या स्थळाविषयी लिहिले. ते वाचून संत सोहनसिंग हे सैन्यातून निवृत्त झालेले ग्रंथी बाहेर पडले. पंडूच्या नावावरून बद्रीनाथच्या वाटेवरचे पांडुकेश्वर गाठले, तिथून भ्यूंदर खोऱ्यात शिरले आणि १९३० च्या दशकात या सरोवराशी पोहोचले. पुढे हवालदार मोदनसिंग त्यांच्या जोडीला आले आणि काठावर पहिला लहानसा गुरुद्वारा उभा राहिला. ज्या गुरूंच्या शब्दावरून हा शोध लागला, त्यांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडला, आमच्या जिल्ह्याची सीमा असलेल्या पैनगंगेच्या पलीकडच्या जिल्ह्यात. यवतमाळात बसून पाहिले तर एका बाजूला रामटेक आहे, जिथून एक कविता हिमालयातल्या सरोवराकडे जाते, आणि दुसऱ्या बाजूला नांदेड आहे, जिथे त्या दुसऱ्या सरोवराच्या आठवणीचा धनी विसावला आहे.

पण 'सापडले' हा शब्द मी अवतरणात घातला तो मुद्दाम. भ्यूंदर खोऱ्यातल्या गावकऱ्यांना हे सरोवर ठाऊक होतेच. ते त्याला लोकपाल म्हणत. काठावर लक्ष्मणाचे देऊळ आहे, ते आजही आहे. शेजारच्या पुष्पदरीची गोष्ट तीच. फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेटहून परतताना तिथे उतरला, १९३८ मध्ये त्याने पुस्तक लिहिले आणि जगाने ती दरी त्याच्या नावावर मांडली. तिथे मेंढरे नेणारे लोक काय फुले तुडवत डोळे मिटून जात होते? पोथी हातात घेऊन निघालेला शोधक जागा शोधतो खरी, पण तिला आधीचे नाव होते हे सहसा त्याच्या टिपणात येत नाही. आणि पोथीत नसलेले दिसतही नाही. काकासाहेब कालेलकर, स्वामी आनंद आणि अनंतबुवा १९१२ मध्ये हिमालयात हिंडले. त्या प्रवासाचे पुस्तक साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने गुजरातीत लिहिले, हा आपल्या प्रवासवाङ्मयातला एक गमतीदार तोटा आहे. त्या काळी बद्रीच्या यात्रेकरूच्या वाटेवर भ्यूंदरचे खोरे उजव्या हाताला राहून जात असे. चार धामांच्या यादीत ते नव्हते, मग पाय तिकडे वळणार कशाला?

आता मेघदूताकडे. हंसांचा उल्लेख काव्याच्या सुरुवातीलाच येतो. मेघ गरजेल, ते ऐकून राजहंसांना मानसची ओढ लागेल, कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी चोचीत घेऊन ते निघतील आणि थेट कैलासापर्यंत आकाशात तुझी सोबत करतील, असे यक्ष मेघाला सांगतो. प्रवासाला सोबत मिळणार, हे आमिष आहे. पुढे पूर्वमेघ संपता संपता मानसचे पाणी पिण्याची सूचना येते. पण कशी? कैलासावर काय काय करमणूक करता येईल, त्या यादीतली एक बाब म्हणून. ऐरावताच्या तोंडावर क्षणभर पडदा धर, कल्पवृक्षाची पाने हलव, मानसचे पाणी घे. अर्ध्याअधिक भारतावरून उडत आलेल्या मेघाला कवी त्या महासरोवरावर पुरता एक श्लोकही देत नाही. पाणी प्यायचे आणि निघायचे. हेमकुंडच्या सेवादाराचा हुकूम याहून वेगळा नव्हता.

हंस तिसऱ्यांदा भेटतात ते घरामागे. यक्ष मेघाला घराची खूण सांगतो आहे. इंद्रधनुष्यासारखी कमान, बायकोने मुलासारखे वाढवलेले मंदाराचे रोप, आणि मग वापी. पाचूच्या पायऱ्यांची, वैडूर्याच्या देठांवर सोन्याची कमळे फुललेली. तिच्या पाण्यात हंस राहतात. त्यांचे दुःख गेलेले आहे, आणि मानस इतके जवळ असूनही, मेघाला पाहूनही, ते मानसचा विचार करत नाहीत.

'मेघाला पाहूनही' हे शब्द मी कैक वर्षे पादपूरणासारखे वाचत होतो. सगळा श्लोक तिथे टांगलेला आहे. सुरुवातीला मेघ हे निघण्याचे कारण होते, त्याची चाहूल लागली की हंसांनी शिदोरी बांधायची. शेवटी तोच मेघ डोक्यावर येतो आणि हंस जागचे हलत नाहीत. काव्याच्या एका टोकाला मांडलेली ओढ दुसऱ्या टोकाला त्याच पक्ष्यांकडून, त्याच संकेताने मोडली जाते. आणि मोडते ती कशाने, तर घरच्या पाण्याने. यानंतर मेघाला काय सांगितले आहे, तेही पाहण्यासारखे आहे: हत्तीच्या पिल्लाएवढा लहान हो आणि वापीच्या काठच्या क्रीडाशैलावर बस. पर्वत झाकणारा मेघ आकसतो, सरोवराची बावडी होते. पूर्वमेघ पसरत जातो, उत्तरमेघ आवळत जातो, असे आपण म्हणतो. पण तो आवळला जातो कुठे, तर या पाण्याच्या काठी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. हंस, मानस, सोनेरी कमळे हे सगळे कविसमय आहेत, त्यांच्यावर एवढा भार कशाला? राजशेखराने 'काव्यमीमांसे'त अशा संकेतांची यादीच दिली आहे. कुठलेही पाणी आले की त्यात हंस असायचेच, हा त्यांतला एक. (याच राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात, म्हणजे आमच्या शेजारच्या वाशीमला लावले आहे. वाशीमकरांनी याचा पुरेसा अभिमान धरलेला मला दिसला नाही.) संकेत तर आहेच. प्रत्यक्षात मानस सुमारे ४,५९० मीटरवर आहे, हिवाळ्यात गोठते, तिथे कमळ कसले उगवणार! पण हंसांचा संकेत निव्वळ हवेतला नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट-लडाखच्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. विदर्भातल्या धरणांवरही तो उतरतो. बाभूळगावजवळच्या बेंबळा धरणावर मी तो पाहिला आहे. सालिम अली १९४५ मध्ये कैलास-मानसला गेले आणि तिथल्या पक्ष्यांवर त्यांनी लिहिले, त्या लेखाच्या नावातच यात्रा आहे. फरक इतकाच की पट्टकादंब उन्हाळ्याच्या तोंडी परततो. आषाढात मेघ गरजतो तेव्हा आपल्या तळ्यांवर एकही उरलेला नसतो. कालिदासाला सोबत हवी होती म्हणून त्याने पक्ष्यांना तीन-चार महिने थांबवून धरले.

म्हणजे संकेत उपलब्ध होता. कालिदासाचे स्वतःचे काम तो उलटवण्यात आहे. हंस मानसला जातात, हे सगळेच म्हणत. हंस मानसला जात नाहीत, हे तो म्हणतो.

की यक्ष म्हणतो? इथे मला माझ्या वाचनाला थोडा लगाम घालावा लागतो. बोलणारा माणूस आठ महिने घरापासून दूर आहे, शापाचे चार महिने उरले आहेत. वापीतले हंस या क्षणी काय करत आहेत हे त्याला कसे कळणार? तो आठवणीतून सांगतो आहे, आणि परक्या मुलखातल्या माणसाच्या आठवणीत घरची विहीर कधी आटत नाही. कालिदासाला हे ठाऊक आहे. सगळ्या खुणा सांगून होतात न होतात तोच तो यक्षाच्या तोंडून कबुली घेतो: माझ्यावाचून ते घर आता निस्तेज झाले असेल, सूर्य गेल्यावर कमळाची शोभा राहत नाही. आत्ताच तर हा माणूस वापीतल्या कमळांविषयी बोलत होता! तीन-चार श्लोकांत त्याची फुललेली कमळे मिटतात. हंसांचे दुःख गेले आहे म्हणतो, आणि त्याच अंगणात त्याची बायको दिवस मोजत बसली आहे. वापीचा श्लोक सुखाचे वर्णन म्हणून वाचला की सपाट होतो. घर तसेच असेल, असे स्वतःला बजावणाऱ्या माणसाचे वाक्य म्हणून वाचला की त्याला धार येते.

हे मला पुस्तकातून सुचलेले नाही. काही वर्षांपूर्वी वर्गात मी नेहमीप्रमाणे अलकेपाशी ठिपके संपवले. पुसदकडच्या एका तांड्यावरची मुलगी होती, फार बोलत नसे. तिने विचारले, "सर, घराचं एवढं सगळं तो ढगाला कशाला सांगतो? एक खूण पुरली असती ना?" मी अलंकार, वर्णनपरंपरा असे काहीतरी बोललो. ती म्हणाली, "आमचे बाबा पण असंच करतात. ऊसतोडीला गेले की फडावरून फोन करतात. आधी आडाला पाणी किती आहे ते विचारतात, मग बैलाचं, मग आजीचं. त्यांना सगळं माहीत असतं, तरी विचारतात."

शापाचे वर्ष आणि तोडीचा हंगाम यांची बरोबरी मी करणार नाही. यक्षाला मुकादमाची उचल फेडायची नव्हती. पण यक्ष पत्ता सांगत नसून विचारपूस करतो आहे, हे त्या मुलीला दिसले आणि मला दिसले नव्हते. मिराशींच्या नकाशाने मला निघण्याची जागा दिली होती. पोहोचण्याची जागा नकाशात मावणारी नव्हती.

मराठी अनुवादांकडे मी त्यानंतर या एका श्लोकासाठी पुन्हा गेलो. आपली परंपरा संपन्न आहे: कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या १८६५ च्या 'पद्यरत्नावली'पासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शान्ता शेळके अशी मोठी माणसे या कवितेपाशी थांबली आहेत. त्यांची तुलना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझी अडचण एका शब्दाची आहे. वापीला मराठीत काय म्हणायचे? 'वापी' तसाच ठेवला तर पाणी दिसत नाही, समासच दिसतो. 'पुष्करिणी' म्हटले की ती देवळाची होते, घराची राहत नाही. 'सरोवर' म्हटले तर सगळा श्लोकच बुडाला, कारण मानस आणि ही वापी यांच्या आकारातले अंतर हाच त्याचा अर्थ आहे. 'विहीर' घरची आहे, पण तिच्यात हंस उतरत नाहीत. 'बावडी' जवळ येते. रामटेकलाच कपूर बावडी आहे, आणि पायऱ्या हा बावडीचा जीव असतो.

पायऱ्यांमुळे मला कळंबचा चिंतामणी आठवतो. यवतमाळहून वर्ध्याच्या रस्त्यावरचे हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी आणि गणपतीपाशी जावे लागते. काही वर्षांच्या अंतराने कुंडातले पाणी वर चढून मूर्तीच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे आणि तसे झाले की जिल्हा लोटतो. हेमकुंडला पाण्यासाठी बाराशे मीटर चढलो होतो. आमच्याकडे पाणी म्हटले की माणूस खाली पाहतो. भाषाही तशीच घडली आहे: डोह, झिरा, आड, बावडी, सगळे शब्द खोलीचे. उंचावरच्या पाण्याला आमच्या बोलीत शब्द नाही. बेसाल्टच्या पठारावर हिमनद्यांनी कोरलेली तळी असणार कुठून? म्हणून मराठी माणूस हिमालयात गेला की सरोवरासमोर एकदम संस्कृत बोलू लागतो; मीही घांघरियाच्या खोलीत त्या रात्री डायरीत 'नितांतरमणीय' असा शब्द लिहिला आणि सकाळी खोडला.

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळला पाणी पाजणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही तलाव आटले. शहरात टँकरमागे भांडी घेऊन रांगा लागल्या. त्या दिवसांत मी पूर्वमेघ शिकवत होतो. अभ्यासक्रमात तेवढाच होता. मेघाने कुठे किती पाणी टाकायचे आणि हलके होऊन कुठल्या नदीचे प्यायचे, याचा यक्षाने दिलेला काटेकोर हिशेब वाचताना वर्गात कोणी हसले नाही. उत्तरमेघातली वापी तेव्हाही तासात आली नाही.

आता मी उलट्या टोकाने शिकवतो. आधी घर, मग वापी, मग तिथले न हलणारे हंस. त्यानंतर, ते कुठे जायला हवे होते हे सांगण्यासाठी, मानस आणि कैलास. आणि सर्वांत शेवटी रामटेक. रामगिरीवरही पाणी आहेच, सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले. कवितेच्या पहिल्याच श्लोकात ते येते आणि यक्ष त्याच्या काठी राहतो. मधले महासरोवर धरून कवितेत अशी तीन पाणी होतात, आणि यक्षाला तहान आहे ती तिसऱ्याची. परीक्षेच्या दृष्टीने हा क्रम गैरसोयीचा आहे, अशी तक्रार दरवर्षी येते आणि ती रास्त आहे.

माझ्या प्रतीत त्या श्लोकाच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले आहेत. एक माझा, 'बावडी'. दुसरा त्या मुलीचा, 'आड'. दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह आहे. आडाला पायऱ्या नसतात, आणि बावडीतले पाणी किती आहे ते फडावरून कोणी विचारत नाही.